शेतातल्या झाडांपासून डांब आणि फळ्या: तोडीपासून कुंपण उभं राहीपर्यंत

बांधावरच्या नीलगिरी, सिल्व्हर ओक किंवा बाभळी विकून टाकायच्या आणि नंतर कुंपणासाठी सिमेंटचे खांब विकत आणायचे, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. घरच्या लाकडात हे काम नीट होऊ शकतं, फक्त त्याचा क्रम पाळावा लागतो. कुठल्या ओंडक्याचं काय करायचं हे झाड पडण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. आधी झाडं पाडली आणि मग विचार करत बसलं की निम्मं लाकूड सरपणात जातं.

म्हणून सुरुवात हिशोबाने करा. एक एकर चौरस जमिनीचा घेर साधारण ८३५ फूट होतो. दहा फुटांवर एक डांब (कुंपणाचा लाकडी खांब) धरला तर ८४ डांब लागतात आणि तारेचे चार पदर धरले तर ३,३४० फूट तार. जमीन लांबट असेल तर घेर वाढतो, त्यामुळे टेप धरून स्वतः मोजा. सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावरून अंदाज बांधू नका.

१. आधी कागद

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ हा कायदा खासगी जमिनीवरच्या झाडांनाही लागू आहे. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, खैर, चंदन ही त्याच्या अनुसूचीतली झाडं. ती तुमच्या बांधावर असली, तुम्हीच लावलेली असली, तरी लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. नीलगिरी, सुबाभूळ, सुरू अशा लागवडीच्या जातींना वाहतुकीत सूट मिळते, पण ही यादी वेळोवेळी बदलते. आपल्या तालुक्याच्या वन परिक्षेत्र कार्यालयात जाऊन सध्याची यादी बघा आणि मगच मजूर ठरवा.

अर्जाबरोबर साधारणपणे हे कागद लागतात:

- चालू सातबारा आणि आठ-अ
- गट नकाशा, त्यावर झाडांच्या जागेची खूण
- सातबाऱ्यावर नाव असलेल्या सगळ्या खातेदारांचं संमतीपत्र
- अर्जदाराचं आधार कार्ड
- झाडांची यादी: जात, संख्या आणि छातीच्या उंचीवरचा घेर

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा संमतीपत्रावर. बहिणींची, चुलत्यांची नावं सातबाऱ्यावर असतात आणि सही फक्त एकाचीच असते. दुसरी अडचण म्हणजे सातबाऱ्यावर झाडांची नोंदच नसते. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं नोंदवता येतात, तेव्हा तोडीच्या आधीच्या हंगामात ती नोंदवून ठेवा. झाड अगदी बांधावर असेल तर शेजाऱ्याचीही लेखी संमती घ्या, कारण खोड कुणाच्या हद्दीत आहे यावरून मोजणीपर्यंत भांडणं जातात.

कोल्हापूर जिल्ह्यात देवस्थान इनामाच्या जमिनी बऱ्याच आहेत. अशी जमीन तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसत असाल, तरी त्यावरची झाडं तोडण्याचा अधिकार तुमचा आहे असं गृहीत धरू नका. सातबाऱ्यातला 'इतर अधिकार' रकाना नीट वाचा. राधानगरी अभयारण्याच्या आसपासच्या गावांत तर चौकशी केल्याशिवाय फांदीलाही हात लावू नका.

लाकूड शेतातून वखारीत न्यायचं असेल तर वाहतूक परवाना लागतो का, तेही त्याच कार्यालयात विचारा. परवान्याची एक प्रत गाडीत आणि एक घरी ठेवा. सॉ मिलला वन विभागाचा परवाना असावा लागतो आणि नीट चालणारी मिल तुमचे कागद मागतेच. कागद न बघता लाकूड घेणाऱ्याकडे देऊ नका. लाकूड चिरायचं फिरतं मशीन शेतात आणायचं असेल तर त्याबद्दलही आधीच विचारून घ्या.

२. कोणत्या लाकडाचं काय करायचं

खोड आडवं कापलं की मधला गडद भाग दिसतो तो गाभा, आणि त्याभोवतीचं फिकट कडं म्हणजे पांढरं लाकूड. जमिनीत टिकतो तो गाभा. पांढरं लाकूड कुठल्याही झाडाचं असो, सागाचंसुद्धा, त्याला वाळवी आणि भुंगा लागतोच. मात्र कीड आणि कुज रोखणारं औषध पितं ते पांढरं लाकूडच. गाभ्यात औषध फारसं शिरत नाही. डांबांच्या सगळ्या निवडीमागे ही एक गोष्ट आहे.

बाभूळ: जड, चिवट, गाभा टिकाऊ. औताला, गाडीच्या चाकाला पूर्वीपासून वापरतात. खोड आखूड आणि वाकडं असल्याने लांब फळ्यांचा नाद सोडा. कोपऱ्याचे जाड डांब यातून काढा.

नीलगिरी: सरळ आणि लांब. सहा इंचांपेक्षा बारीक असेल तर चिरू नका, गोलच ठेवा आणि औषध द्या. जाड नीलगिरीच्या फळ्या निघतात, पण ते लाकूड चिरताना वाकतं आणि सुकताना फाटतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

सिल्व्हर ओक: चिरायला मऊ, फळीवर सुंदर चमकदार ठिपके येतात. घरातल्या कपाटाला, मांडणीला, खोक्यांना उत्तम. उघड्यावर टिकत नाही, डांबाला वापरू नका. याच्या भुशाने काहींच्या कातडीला खाज सुटते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

आंबा: परवानगीने तोडलेला किंवा वादळात पडलेला असेल तर फक्त फळ्यांसाठी. ओंडका आठवडाभर उन्हा-पावसात पडला की आत निळसर-काळे डाग धरतो आणि भुंगा लागतो. पडल्यावर लगेच चिरा.

साग आणि फणस: यांचा गाभा जमिनीत दहा वर्षांहून जास्त टिकतो. पण इतकं चांगलं लाकूड कुंपणात गाडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चौकटी, दारं, फळ्या काढा. डांबाला फक्त उरलेले तुकडे वापरा.

३. वेळ साधा

दिवाळीनंतर तोड सुरू करावी आणि माघ संपेपर्यंत चिरून संपवावी. ओल हळूहळू उतरते, लाकूड कमी फाटतं आणि वळीव येण्याआधी फळ्या सुकलेल्या असतात. अडचण एकच: याच दिवसांत ऊसतोड चालू असते आणि ट्रॅक्टर-ट्रॉली कारखान्याच्या फेऱ्यांत अडकलेल्या असतात. गाडी आधी ठरवा, मग झाड पाडा. उलटं केलं तर ओंडके पंधरा-वीस दिवस उन्हात पडून टोकांना तडकतात.

पौर्णिमा-अमावस्या बघून तोडलेलं लाकूड किडत नाही असं सांगतात. त्यावर विसंबू नका. साल किती लवकर काढली आणि लाकूड जमिनीपासून किती लवकर उचललं, यावरच कीड ठरते.

४. ओंडका मोजणं

वखारीत गोल लाकूड चौथाई घेराने मोजतात. मधोमध घेर इंचात घ्या, त्याला ४ ने भागा, त्या आकड्याचा वर्ग करा, लांबीच्या फुटांनी गुणा आणि १४४ ने भागा. उदाहरणार्थ घेर ३६ इंच, लांबी ८ फूट: ९ गुणिले ९ गुणिले ८, भागिले १४४, म्हणजे साडेचार घनफूट. या पद्धतीत खरं घनफळ सुमारे एकवीस टक्क्यांनी कमी दिसतं, कारण चिरताना वाया जाणारं लाकूड त्यात धरलेलं असतं. विकताना आणि मजुरी ठरवताना हे लक्षात ठेवा. गोल मापावर दर ठरला आहे की चिरलेल्या मापावर, हे आधी बोलून घ्या.

आता डांबांचं गणित. ओंडक्याच्या बारीक टोकाला साल सोडून १२ इंच व्यास असेल तर त्यातून साडेआठ इंचांचा चौरस बसतो. म्हणजे करवतीची जागा धरून ४ × ४ इंचांचे बरोबर चार डांब. शिवाय चारही बाजूंनी चार इंच रुंदीची इंची फळी निघते. व्यास ११ इंच भरला तर चार डांब बसत नाहीत, मग ३ × ३ चे काढा किंवा तो ओंडका फळ्यांना द्या. एक डांब काढायचा असेल तर बारीक टोकाला पावणेसहा इंच व्यास पुरतो, पण मग खोडाचा अगदी मधला, कोवळ्या वयातला भाग डांबाच्या मध्यभागी येतो आणि डांब चारही बाजूंनी तडकतो. चार भागांत चिरलेल्या डांबात हा मध्यभाग कडेला जातो, म्हणून ते कमी तडकतात.

डांबासाठी ओंडका ७ फूट ३ इंच तोडा. तीन इंच टोकांच्या चिरांसाठी सोडायचे. तोडल्याच्या दिवशीच दोन्ही टोकांना जुना ऑइल पेंट किंवा वितळलेलं मेण लावा. काहीच नसेल तर शेणाचा जाड लेप द्या.

५. चिरणं

दोन मार्ग आहेत. वखारीतला बॅन्डसॉ, किंवा शेतातच चेनसॉला चौकट लावून चिरणं.

बॅन्डसॉचं पातं जेमतेम एक सूत (इंचाचा आठवा भाग) लाकूड खातं. चेनसॉ तीन सूत खातो. पाच फळ्या काढल्या की चेनसॉने जवळपास दोन इंच लाकडाचा भुसा केलेला असतो, म्हणजे दोन फळ्या गेल्या. म्हणून रस्ता असेल, ओंडके सरळ असतील, तर वखारीतच न्या. डोंगरउतारावर, जिथे ट्रॉली जात नाही किंवा ओंडकाच उचलत नाही, तिथे चेनसॉ परवडतो.

चेनसॉने चिरायचं असेल तर हे जवळ ठेवा:

- ७० सीसी किंवा त्याहून मोठा चेनसॉ, २४ इंची बार
- फाडकामाची चेन, दात १० अंशांत घासलेले (आडव्या कापाची चेन साधारण ३० अंशांची असते, ती उभ्या रेषेत हळू चालते आणि मशीन तापवते)
- चिरण्याची चौकट आणि पहिल्या कापासाठी सरळ ॲल्युमिनियमची शिडी
- लाकडी किंवा प्लास्टिकच्या पाचरी
- गोल कानस, टेप, गुण्या, रंगीत खडू, ओळंबा
- हेल्मेट, कानाचे मफ, डोळ्यांना जाळी, पायांना कट-प्रूफ पँट, जाड बूट

पेट्रोलमध्ये टू-टी तेल लिटरला २० मिलि, म्हणजे ५० ला १. चिरताना मशीन सतत पूर्ण जोरावर चालतं, म्हणून तेल कमी पडलं की पिस्टन घासून बसतं. प्रत्येक लांब कापानंतर मिनिटभर मंद चालू ठेवून मग बंद करा.

पहिला काप सगळ्यात महत्त्वाचा. ओंडक्यावर शिडी खिळ्यांनी पक्की करा, दोन्ही टोकांना ओळंब्याने पातळी जुळवा आणि शिडीवरून चौकट सरकवा. हा काप वाकडा गेला तर पुढची प्रत्येक फळी तशीच वाकडी येते. काप फूटभर पुढे गेला की मागे पाचर ठोका, नाहीतर बार दाबला जातो. मग ओंडका चतकोर फिरवून गुण्याने दुसरी सपाट बाजू काढा.

भुशावर नजर ठेवा. चेन धारदार असेल तेव्हा भुसा जाडसर, दोऱ्यांसारखा पडतो. त्याची धूळ व्हायला लागली आणि हाताने मशीन ढकलावं लागलं की थांबा, दात घासा. दर एक-दोन टाकीला घासायची तयारी ठेवा, बाभळीला त्याहून आधी.

नीलगिरीत एक वेगळी अडचण असते. उभ्या झाडात बाहेरचं लाकूड ताणलेलं आणि आतलं दाबलेलं असतं. एका बाजूच्या फळ्या काढत गेलात की उरलेला ओंडका धनुष्यासारखा वाकतो आणि फळी एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ येते. म्हणून एक-दोन फळ्या एका बाजूने, मग ओंडका उलटवून तेवढ्याच समोरून, असा तोल राखत जा. लांब ओंडका तोडून फार दिवस ठेवू नका, टोकं चांदणीच्या आकारात फाटत जातात.

जाडीत सुकण्याची जागा सोडा. सुकून एक इंच हवी असेल तर एक इंच एक सूत चिरा. सहा इंच रुंदीला पाव इंच जादा, नीलगिरीला अर्धा इंच.

बांधावरच्या झाडात लोखंड असतंच असं धरून चाला. जुनी काटेरी तार, जनावरं बांधायचा खिळा, कडी, सगळं खोडाने गिळलेलं असतं. बाभळीत लोखंडाभोवती निळा-काळा डाग पसरतो, तो दिसला की तिथेच थांबा. जमिनीपासून पाच फुटांपर्यंतचा भाग मेटल डिटेक्टरने तपासा. वखारीत पातं तुटलं तर त्याचे पैसे तुमच्याकडून घेतात.

६. फळ्या सुकवणं

सिल्व्हर ओक, आंबा अशा भुंगा लागणाऱ्या फळ्या चिरल्याच्या दिवशीच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवा. १०० लिटर पाण्याला ३ किलो बोरॅक्स, २ किलो बोरिक ॲसिड. कोमट पाण्यात लवकर विरघळतं. बुडवून काढलेल्या फळ्या एकावर एक रचून ताडपत्रीत गुंडाळा आणि दोन-तीन आठवडे तशाच ठेवा. फळी ओली असते तोवरच बोरॉन आत मुरतं. हे औषध पावसात धुऊन जातं, तेव्हा फक्त घरातल्या लाकडाला चालेल, डांबाला नाही.

मग थप्पी. जागा उंच, वारा खेळता, वर छप्पर. खाली सिमेंटचे ठोकळे किंवा जांभ्याचे चिरे, जमिनीपासून फूटभर उंच आणि सगळे एका पातळीत. प्रत्येक थरात एक इंच जाडीच्या सुक्या पट्ट्या दीड-दीड फुटांवर, आणि वरची पट्टी बरोबर खालच्या पट्टीवर. पट्ट्या ओळीत नसल्या की फळी मधे झोळ धरते आणि तो नंतर रंध्याने निघत नाही. वर दगडांचं वजन ठेवा. फाल्गुन-चैत्रात गरम वारा सुटतो, तेव्हा पश्चिमेच्या बाजूला शेडनेट लावा. बाहेरचा थर घाईने सुकून चिरा पडतात.

सुकल्याचं कळायला मीटर नसला तरी चालतं. फळीच्या मधून एक तुकडा कापून वजन करा, भट्टीत किंवा ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर पूर्ण सुकवा, पुन्हा वजन करा. २६० ग्रॅमचा तुकडा २०० ग्रॅम झाला तर उतरलेले ६० ग्रॅम भागिले २००, म्हणजे ३० टक्के ओल. सामानाला १२ टक्क्यांच्या आसपास हवी. कार्तिकात चिरलेली इंची फळी सावलीत फाल्गुन-चैत्रापर्यंत तयार होते. पावसाळ्यात ती पुन्हा ओल ओढते, म्हणून दारं-कपाटं पावसाळ्याआधी करा किंवा तोवर थप्पी बंद खोलीत हलवा.

७. डांबांना औषध

डांबाचं सगळं कापकाम आधी संपवा: टोक, माथ्याचा उतार, भोकं. औषध दिल्यावर खालचं टोक तासलं की औषधाचं कडं तासून टाकलं आणि नेमका जमिनीतला भाग उघडा पडला.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे दाबाखाली औषध देणाऱ्या प्लांटमध्ये पाठवणं. तिथे साल काढलेले, सुकलेले डांब लागतात. ओल्या लाकडात औषधाला जागाच नसते.

घरी करायचं तर फक्त ताजे, गोल, पांढरं लाकूड असलेले डांब घ्या. कॉपर-क्रोम-बोरॉनचं तयार मिश्रण आणा, १०० लिटर पाण्याला ५ किलो. त्यातला एक घटक असलेलं सोडियम डायक्रोमेट सुटं आणून घरी मिसळू नका, ते कर्करोगकारक आहे. झाड तोडल्यापासून एका दिवसात साल काढा आणि डांब प्लास्टिकच्या पिंपात जाड टोक खाली करून उभे करा, औषध दीड-दोन फूट. लोखंडी पिंप वापरू नका. या औषधातल्या मोरचुदाचं तांबं पत्र्यावर बसतं, पिंप सडतो आणि औषध निकामी होतं. औषध खाली उतरलं की भर घाला. सात ते चौदा दिवस तसे ठेवा, मग उलटे करून आणखी काही दिवस. नंतर सावलीत तीन-चार आठवडे रचून ठेवा, त्यात औषध लाकडाला घट्ट धरतं.

हातमोजे, गॉगल, जुने कपडे. पिंप विहिरीपासून, ओढ्यापासून, गोठ्यापासून लांब ठेवा. आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगा: औषध दिलेल्या लाकडाचा तुकडा चुलीत, बंबात किंवा गुऱ्हाळाच्या चुलवणात जाता कामा नये. धूर आणि राख दोन्ही विषारी असतात.

बुंधा जाळून त्यावर डांबर लावायची गावाकडची पद्धत आहे. जळका थर म्हणजे औषध नव्हे, त्याखालचं लाकूड तसंच राहतं. ओल्या डांबाला डांबर लावलं तर ओल आत कोंडते आणि डांब उलट लवकर कुजतो. लावायचंच तर सुकलेल्या, औषध दिलेल्या डांबाला, जमिनीच्या वर-खाली फूटभर लावा.

८. रोवणं

मधले डांब २ फूट जमिनीत, ५ फूट वर. कोपऱ्याचे आणि दरवाजाचे ८ फुटी, पाच-सहा इंच जाड, ३ फूट खोल, आणि तारेच्या ताणाच्या दिशेने आतून तिरका टेकू. जाड टोक खाली. माथा उतरता.

खड्डा डांबाहून थोडाच मोठा घ्या आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पहारेने ठोकून भरा. राधानगरी, गगनबावड्याच्या पावसात सिमेंटचा गोळा घातला की डांब सुकून बारीक होतो, फटीत पाणी साचतं आणि डांब तिथेच कुजतो. शिरोळकडच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात डांबाभोवती भेगा पडतात. त्या मुरमानेच बुजवा, काळ्या मातीने नको. पहिला वळीव पडून गेल्यावर खड्डे सोपे जातात.

तारेचे यू-खिळे लाकडाच्या रेषेला थोडे तिरके मारा. दोन्ही टोकं एकाच रेषेत गेली की डांब उभा फाटतो. पूर्ण आत ठोकू नका, तार सरकायला जागा ठेवा. वर्षभराने डांब सुकतात, खिळे सैल होतात, तेव्हा तार पुन्हा ओढून घ्या.

लाकडी डांब आणि काटेरी तार गव्याला अडवत नाहीत. म्हणून काहीजण त्या तारेत घरची वीज सोडतात. हे कधीही करू नका. त्यात माणसं, मुलं, गुरं मेली आहेत आणि तो गुन्हा आहे. झटका द्यायचा असेल तर सौर झटका मशीनच वापरा.

दर पावसाळ्यानंतर प्रत्येक डांबाजवळची माती सहा इंच उकरा आणि स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. तो पाव इंचापेक्षा जास्त सहज आत गेला तर तो डांब त्याच हंगामात बदला. एक डांब सुटला की तारेचा ताण शेजारच्या दोघांवर येतो.